बाराशे फोटो, चार कोअर आणि नवरदेवाचा मामा

शहापूरहून किन्हवलीच्या दिशेने निघालं की शेणवा लागतं. इथल्या नाक्यावर ताटकळणाऱ्या माणसापुढे दोन पर्याय असतात. एक एसटी. तिला वेळ कळते, माणसं कळत नाहीत. घड्याळात वेळ झाली की आत पाच असोत की पंचावन्न, ती निघते, असा निदान वेळापत्रकाचा तरी समज आहे. दुसरी जीप. तिला माणसं कळतात, वेळ कळत नाही. शेवटची सीट भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि सीट भरली म्हणजे नेमकं काय झालं, हे एकट्या ड्रायव्हरला ठाऊक असतं. चौथ्याच्या मांडीवर पाचव्याचं गाठोडं आलं तरी त्याच्या हिशेबी अजून ‘एक जागा आहे’.

संगणकाच्या दुनियेत या दोघींना नावं आहेत. एसटीला तिथे ‘क्रॉन’ म्हणतात आणि जीपला ‘वेट’. पैकी वेट हे पात्र जरा उशिरा रंगमंचावर येतं. आधी येतो फोटोवाला.

धरून चालू की याच नाक्यावर एका फोटोवाल्याचं दुकान आहे. मे महिना, लग्नसराई ऐन भरात. एका लग्नाचे त्याच्याकडे बाराशे फोटो आहेत: हळदीचे एका कॅमेऱ्यातले, लग्नाचे दुसऱ्या कॅमेऱ्यातले. मुलीकडच्यांना ते आजच मोबाइलवर हवेत, म्हणजे सगळे लहान करायला हवेत. दुकानात जुना लॅपटॉप आहे आणि त्यात लिनक्स आहे, कारण ते फुकट मिळतं. गड्याने कुणाकडून तरी शिकून एक शेल स्क्रिप्ट लिहिली आहे. शेल स्क्रिप्ट म्हणजे कमांडांची यादी. लग्नात किराण्याची असते तशी: आधी हे, मग ते, मग ते. संगणक ती वरून खाली वाचतो आणि एक काम संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही.

एका फोटोला दोन सेकंद. बाराशेला चाळीस मिनिटं. त्यात लॅपटॉपच्या पोटात चार कोअर, म्हणजे काम करणारे चार गडी. त्यातला एक घाम गाळतो आणि तिघे बांधावर बसून तंबाखू मळतात. शेणव्यात हे दृश्य कुणालाच नवीन नाही, पण पैसे मोजून घेतलेल्या यंत्राने तरी असं करू नये, अशी फोटोवाल्याची माफक अपेक्षा असते.

यावरचा उपाय कीबोर्डवर सात आकड्याच्या डोक्यावर बसलेला आहे. ‘&’. दिसायला मांडी घालून, एक हात पुढे काढून बसलेल्या माणसासारखा. कमांडच्या शेवटी हे चिन्ह लावलं की शेल ती कमांड पाठीमागे सोडून देतो आणि लगेच पुढच्या ओळीकडे वळतो. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 1969 साली युनिक्सचं काम सुरू केलं, आणि 1971 च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही हे चिन्ह आहे. ते जोडायला काही मोठं करावं लागलं नव्हतं. कमांड सुरू करताना शेल स्वतःची एक प्रत काढतो. त्याला फोर्क म्हणतात. ती प्रत, म्हणजे पोर, कामाला जाते आणि बाप दारात तिची वाट बघत बसतो. ‘&’ लावलं की बापाने वाट बघायची नाही, एवढंच. पीडीपी-7 या यंत्रावर हा फोर्क बसवायला असेंब्ली भाषेतल्या अवघ्या 27 ओळी लागल्या, हे रिचीने स्वतःच एका लेखात लिहून ठेवलं आहे.

त्याच लेखात त्याने एक फजितीही नोंदवली आहे. फोर्क चालू लागल्याचा आनंदसोहळा अर्ध्यावर असताना लक्षात आलं की फोल्डर बदलायची कमांड बंद पडली. मंडळींनी कोड पुन्हा पुन्हा वाचला. चूक सापडेना, कारण चूक नव्हतीच. फोल्डर बदलायला पोराला पाठवलं होतं. पोर इमानाने त्या फोल्डरात गेलं आणि तिथेच त्याचं आयुष्य संपलं. बाप होता तिथेच. तहसील कचेरीत पोराला पाठवून आपण शेणव्याच्या ओट्यावर बसावं आणि ‘मी अजून शहापूरला कसा पोचलो नाही?’ म्हणून चकित व्हावं, तसा तो प्रकार. शेवटी ही कमांड शेलने स्वतःच्या अंगावर घेतली. आज तिला ‘सीडी’ म्हणतात.

हा किस्सा जुना म्हणून सोडून देता येत नाही. ‘&&’ अशी जोडी लिहिली तर अर्थ होतो: पहिलं काम नीट झालं तरच दुसरं कर. आता एखाद्याने ‘सीडी रद्दी && आरएम *’ लिहायचं ठरवलं, म्हणजे रद्दीच्या फोल्डरात जा आणि गेलास तरच तिथलं सगळं पुसून टाक, आणि घाईत एक ‘&’ कमी पडला. झालं! पोर रद्दीत जाऊन मरतं, बाप जागचा हलत नाही आणि उभा आहे तिथलंच सगळं झाडून पुसून टाकतो. बाराशे फोटोंसकट. मांडी घातलेली दोन माणसं एकमेकांना सांभाळून असतात. एकटा माणूस बेभरवशाचा.

आपल्या फोटोवाल्याच्या हातून हे घडत नाही. त्याच्या हातून दुसरंच घडतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो ‘&’ लावतो आणि बाराशेच्या बाराशे कामं एका दमात सोडतो.

पाच गुंठ्यांच्या खाचरात बाराशे माणसं आवणीला उतरवली तर काय होईल, हे या भागात विचारायची सोय नाही. लोक फोटोवाल्याकडे संशयाने बघतील. पाय ठेवायला जागा नाही, तर रोप कुठे खोवणार? लॅपटॉपचं तेच होतं. मेमरी संपते, मग तो मेमरीतला पसारा डिस्कवर हलवू लागतो, मग हलवण्यातच त्याचा दिवस जातो. माउस चिखलात रुतल्यासारखा हलतो. पंखा असा गरगरतो की बाहेर रिक्षा सुरू झाली असं वाटावं. अखेर लिनक्सच्या गाभ्यातला ‘ओओएम किलर’ नावाचा मुकादम जागा होतो. मेमरी पार संपली की सगळ्यांत जास्त जागा अडवून बसलेल्याला शोधून ठार मारायचं, हे त्याचं अधिकृत कर्तव्य आहे. बहुतेक वेळा त्याच्या तावडीत फोटोवाल्याचा ब्राउझर सापडतो, ज्यात अर्धवट भरलेला कुणाचा तरी जातीच्या दाखल्याचा अर्ज असतो.

शहाणपण असं की गडी चार, तर एका वेळी कामं चार. ‘एक्सआर्ग्ज’ नावाच्या कमांडला ‘-पी 4’ असं सांगितलं की ती खाचरात चौघांनाच उभं करते. एक वर आला की पाचव्याला आत सोडते. चाळीस मिनिटांचं काम दहा मिनिटांवर येतं. पण कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो उतरवून घ्यायला पाच मिनिटं लागतातच, कारण कार्ड घालायचं भोक एकच आहे. म्हणजे एकूण पंधरा मिनिटं. चारऐवजी चारशे कोअर आणले तरी ती पाच मिनिटं तशीच राहतात, आणि पंचेचाळीस मिनिटांचं काम कधीच नऊपटीहून जास्त वेगाने होत नाही. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकी अभियंत्याने ही मेख 1967 साली मांडली. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला ती त्याआधीही माहीत होती: आवणीला माणसं वाढवता येतात, पण भाताला पोटरीत यायची घाई करता येत नाही.

चारऐवजी चौसष्ट गडी एकत्र जुंपण्याचा मोठा उद्योग महाराष्ट्रात झाला आहे आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख. एक अवाढव्य यंत्र बनवण्याऐवजी त्यांच्या मंडळींनी ट्रान्सप्युटर नावाच्या लहान चिपा एकमेकींना जोडल्या आणि 1991 साली ‘परम 8000’ उभा केला. परम हे नाव संस्कृत वाटतं आणि ते आहेही. पण ते ‘पॅरलल मशीन’चं लघुरूपही आहे. सरकारी प्रकल्पाच्या नावात श्लेष साधणं हे महासंगणक बनवण्याइतकंच दुर्मीळ.

आणखी एक उदाहरण तर माळशेज घाटापलीकडचं. मुरबाडवरून घाट चढून जुन्नर तालुक्यात उतरलं की खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या 30 अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, आणि त्या सगळ्या एकाच वेळी आकाशातल्या एकाच ठिपक्याकडे बघतात. तिथलं यंत्र प्रत्येक अँटेनाचं म्हणणं इतर प्रत्येकीशी ताडून पाहतं. तीस जणींच्या जोड्या होतात 435. तिसांना एका दिशेला बघायला लावणं एकवेळ जमेल. 435 जोड्यांचं एकमेकींशी काय पटतंय ते क्षणोक्षणी नोंदवायला महासंगणकाचं बळ लागतं. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हा आकडा फुगवलेला वाटणार नाही.

परत दुकानात. चार कामं एकदम चालू झाल्यावर चौघंही एकाच पडद्यावर बोलतात. पहिल्याचं अर्धं वाक्य, तिसऱ्याची चूक, दुसऱ्याचं ‘झालं’, मग पहिल्याचं उरलेलं वाक्य. ग्रामसभेचं इतिवृत्त जसंच्या तसं लिहून काढलं तर असंच दिसेल. यासाठी ‘जीएनयू पॅरलल’ नावाची कमांड आहे. डेन्मार्कच्या ओले टांगे यांनी लिहिलेली. 2010 पासून ती जीएनयू प्रकल्पात आहे. प्रत्येकाचं बोलणं ती वेगळं धरून ठेवते आणि त्याचं काम संपल्यावर सलग छापते. गुणी कमांड आहे, पण एक खोड आहे. सुरुवातीला ती आठवण करून देते की शोधनिबंधासाठी वापर करत असाल तर आमचा उल्लेख करा. उल्लेख करायचा नसेल तर 10,000 युरो भरा आणि खुशाल वापरा, असंही त्यात लिहिलेलं असतं. यावरून जगभरच्या लिनक्सवाल्यांत बरेच रुसवेफुगवे झाले. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आहेर पुकारताना नाव राहिलं म्हणून मांडवातून उठून गेलेले मामा प्रत्येक घराण्यात एक तरी असतात. फक्त त्यांनी दर जाहीर केलेला नसतो.

आता वेट.

पाठीमागे कामं सोडली की शेल मोकळा होतो आणि ‘झालं’ म्हणून पुढे निघतो. झालेलं काहीच नसतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘वेट’ लिहावं लागतं: सगळी पोरं परत येईपर्यंत इथून हलू नको. नाक्यावरच्या जीपने आयुष्यभर पाळलेला नियम. पण या वेटमध्ये एक खोच आहे. नुसतं ‘वेट’ म्हटलं तर तो सगळ्यांसाठी थांबतो आणि शेवटी ‘सर्व ठीक’ असा शेरा मारतो, चारांतली तीन कामं तोंडावर आपटली असली तरी. युनिक्समध्ये शून्य म्हणजे यश, आणि नुसता वेट नेहमी शून्यच देतो. संध्याकाळी बांधावर आलेल्या मुकादमाने डोकी मोजावीत, सगळे परत आलेले पाहून ‘आवणी झाली’ म्हणावं आणि खालच्या खाचरात एक मूठही लागलेली नसावी, तसं. खरं काय झालं ते हवं असेल तर प्रत्येक कामाचा नंबर टिपून ठेवावा लागतो आणि एकेकाला नावानिशी विचारावं लागतं. हे कंटाळवाणं असतं, म्हणून बहुतेक जण विचारत नाहीत.

बाप वाट न बघता आपल्याच नादात राहिला तर याहून विचित्र गोष्ट घडते. पोर काम संपवून मरतं, पण त्याचं नाव यादीत तसंच राहतं. मेमरी नाही, हालचाल नाही; फक्त एक नंबर आणि त्यापुढे नाव. याला झोंबी म्हणतात. लिनक्स शिकणाऱ्या मुलांना हे समजावताना शिक्षकांची दमछाक होते. शहापूर तालुक्यात होऊ नये. इथे ज्याच्या घरी सातबारा आहे, त्याला आजोबांचं नाव वर्षानुवर्षं त्यावर कसं नांदतं हे चांगलं ठाऊक असतं. आजोबा गेले, तेरावं झालं, वारस नोंद करायला कुणी गेलं नाही. झोंबीला ‘किल’ करता येत नाही, कारण मेलेल्याला मारणार कसं? बापाने येऊन नोंद घ्यावी लागते. बापही मेला, तर क्रमांक एकची प्रक्रिया, म्हणजे सगळ्यांची मूळ आजी, अनाथांना पदरात घेते आणि नोंदी उरकते. सातबाऱ्याला अशी आजी नाही.

याच खात्यातली आणखी एक कमांड, ‘नाइस’. तिने ठरतं की एखादं काम इतरांशी किती नम्रतेने वागणार. नम्रतेची पट्टी उणे 20 पासून 19 पर्यंत. आकडा जितका मोठा, तितकं काम पडखाऊ, दुसऱ्याला आधी जाऊ देणारं. गंमत नियमात आहे. साध्या वापरकर्त्याला आपलं काम फक्त अधिक नम्र करता येतं. उर्मट करायचा अधिकार रूटला, म्हणजे साहेबाला. हा नियम अमेरिकेत लिहिला गेला यावर विश्वास बसत नाही.

एका बाबतीत मात्र या तालुक्याला युनिक्सने काही शिकवायची गरज नाही, आणि ती म्हणजे पाइप. दोन कमांडांच्या मध्ये उभी रेघ ओढली की पहिलीचं उत्पन्न दुसरीच्या तोंडात पडतं. ही कल्पना डग मॅक्लिरॉय यांची, 1973 साली युनिक्समध्ये आलेली. पुष्कळांना वाटतं की पहिली कमांड संपल्यावर दुसरी सुरू होते. तसं नाही, दोघी एकाच क्षणी कामाला लागतात. आवणीतलं बघा ना: राबातलं रोप खणून मुठी बांधणारे एकीकडे, चिखळलेल्या खाचरात लावणाऱ्या बाया दुसरीकडे, दोन्ही एकदमच चालू. मुठींचा बांधावर ढीग झाला की खणणारे कंबर सरळ करतात. मुठी संपल्या की बाया ओरडतात. लिनक्सच्या पाइपमध्ये हा बांध 64 किलोबाइटचा असतो. भरला की लिहिणारा थांबतो, रिकामा झाला की वाचणारा.

आणि खरेखुरे पाइप? तानसाचं धरण 1892 सालचं. तेव्हापासून तालुक्याचं पाणी मुंबईकडे चाललं आहे. पुढे वैतरणेचं मोडकसागर आलं, भातसा आलं, आणि आज मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा एकट्या भातसाचा आहे. एका टोकाला शहापूर, दुसऱ्या टोकाला मुंबई, आणि एप्रिल-मे आला की तालुक्यातल्या कित्येक पाड्यांची नजर टँकरच्या वाटेवर. पाइपचा स्वभावच असा की आत जातं ते थेट पलीकडे निघतं, शेजारच्याला थेंब मिळत नाही. युनिक्समध्ये यावर उपाय आहे. ‘टी’ नावाची कमांड वाहत्या पाइपला मध्येच एक फाटा काढते. तिचं नाव प्लंबरकडच्या टी-जोडावरूनच घेतलेलं आहे. प्लंबरकडून संगणकापर्यंत तो जोड केव्हाच पोचला. पाड्यापर्यंत यायला त्याला वेळ लागतो आहे.

टँकर विहिरीत रिता झाला की काठावर जे होतं, त्याला संगणकशास्त्रात रेस कंडिशन म्हणतात: वस्तू एक, हात अनेक, आणि कुणाच्या हंड्यात किती पडेल हे पोहरा कुणाचा आधी पोचला त्यावर. यावर कुलूप हा उपाय. जुन्या एकेरी रेल्वेमार्गावर स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा देत. गोळा ज्याच्याकडे, त्याचीच गाडी पुढच्या टप्प्यात शिरणार. शेलमध्ये हे काम ‘एफलॉक’ करतो. फोटोवाल्याला त्याची गरज पडली क्रॉनमुळे. दर अर्ध्या तासाने स्क्रिप्ट आपोआप चालावी अशी त्याने सोय केली. क्रॉन ही एसटी. आधीची गाडी अजून घाटातच आहे का, हे न बघता पुढची सोडते. एकाच्या मागे एक तीन स्क्रिप्टा त्याच फोल्डरात घुसल्या आणि नाक्यावर एकदम आलेल्या तीन बसांसारखी त्यांनी वाट अडवली. एफलॉक लावल्यावर सुधारलं.

फोटोही झाले. दहा मिनिटांत, लाइट न जाता, हे विशेष. वेटने ‘सर्व ठीक’ म्हटलं. फोल्डरात मोजले तर 1,163 भरले.

सदतीस फोटो कुठे गेले? सगळ्या स्क्रिप्टा तपासल्या, कमांडा तपासल्या. चूक सापडेना, कारण कमांडांनी आपलं काम चोख केलं होतं. दोन कॅमेऱ्यांचे आकडे एके ठिकाणी एकमेकांवर आले होते. हळदीचा 0412 आणि लग्नाचा 0412, नाव एकच, फोल्डर एकच. दोघं वेगवेगळ्या कोअरवर एकाच वेळी लहान झाले, आणि जो नंतर पोचला त्याने आधीच्याला पुसलं. ओळीने चालवलं असतं तरी एक पुसला गेलाच असता. पण कोणता, ते ठरलेलं असतं. चार गड्यांच्या हाती दिल्यावर ते दर वेळी नव्याने ठरतं. फोटोवाल्याने खात्रीसाठी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. पहिल्या खेपेला 0412 मध्ये नवरीची आत्या हळद लावत होती. या खेपेला अंतरपाटामागे मुंडासं बांधलेला नवरदेवाचा मामा होता.

तोपर्यंत पहिली खेप मोबाइलवर गेली होती आणि मामाने तिच्यातले फोटो दोनदा मोजले होते. बाहेर जीपवाला ‘एक जागा, एक जागा’ म्हणून ओरडत होता. मामा दुकानाच्या पायरीवर बसून राहिला.